भीती विजेची, धोका वाऱ्याचा

विमानावर वीज पडते तेव्हा आत बसलेल्यांना फार काही कळत नाही. खिडकीबाहेर लख्ख पांढरा उजेड होतो आणि पत्र्यावर घण घातल्यासारखा एकच दणका ऐकू येतो. दोन-चार जण किंचाळतात, बाकीचे एकमेकांची तोंडं बघतात. पुढच्या मिनिटाला इंजिनांची घरघर होती तशीच चालू असते. थोड्या वेळाने वैमानिक शांत आवाजात सांगतो, विमानाला वीज चाटून गेली, काळजीचं कारण नाही. तो धीर द्यायला थाप मारत नसतो. प्रवासी विमानावर सरासरी वर्षातून एकदा वीज पडतेच. तुमचं विमान दहा वर्षांचं असेल, तर त्याने एव्हाना अशा बऱ्याच विजा पचवलेल्या असण्याची शक्यता आहे.

पुष्कळदा ही वीज विमानच ओढवून घेतं. वादळी ढगात विद्युतभार साचलेला असतो. त्यात विमान शिरलं की नाक, पंखांची टोकं, शेपूट अशा टोकदार जागांवर हा ताण एकवटतो आणि ठिणगीची सुरुवात तिथूनच होते. मग वीज एका टोकाने येते, बाहेरच्या पत्र्यावरून वाहते आणि दुसऱ्या टोकाने निघून जाते. ॲल्युमिनियमचा पत्रा प्रवाह बाहेरच्या बाहेर वाहून नेतो, आत येऊ देत नाही. नव्या विमानांचं अंग बरंचसं कार्बन तंतूंचं असतं आणि ते विजेचं तितकं चांगलं वाहक नाही. म्हणून त्या थरांत तांब्याची बारीक जाळी बसवतात. विमान वेगात पुढे सरकत असतं आणि विजेची वाट हवेत जागच्या जागी असते, त्यामुळे वीज पत्र्यावर एकाच ठिकाणी न टेकता टप्पे घेत मागे सरकते. विमान उतरल्यावर तंत्रज्ञ टॉर्च घेऊन अंगाखालून फिरतात तेव्हा त्यांना शिवणीच्या टाक्यांसारखे ओळीने पडलेले जळके ठिपके दिसतात. कुठे रिव्हेटचं डोकं वितळलेलं असतं, कुठे रंग उडालेला असतो. बहुतेक वेळा नुकसान एवढ्यावरच भागतं.

हे सगळं फुकट मिळालेलं नाही. ८ डिसेंबर १९६३ च्या रात्री पॅन ॲमचं बोइंग ७०७ फिलाडेल्फियाला उतरण्यासाठी आपली पाळी येण्याची वाट पाहत आकाशात घिरट्या घालत होतं. त्यावर वीज पडली, डाव्या पंखातल्या टाकीतल्या इंधनाच्या वाफेने पेट घेतला आणि विमान मेरीलँडमधल्या एल्कटन गावाजवळ कोसळलं. त्यातल्या ८१ जणांपैकी कुणीही वाचलं नाही. इंधनाच्या टाक्या, त्यांचे सांधे, वाफ बाहेर जाण्याच्या वाटा यांचे नियम त्यानंतर कडक होत गेले. पुढे १९८० च्या दशकात नासाने एफ-१०६ हे लढाऊ जातीचं विमान मुद्दाम वादळांत घालून विजा झेलल्या. सातशेहून जास्त वेळा त्या विमानावर वीज पडली आणि दर वेळी ते परत आलं. आज विमानाच्या आराखड्यातच विजेचा हिशेब धरलेला असतो.

तरीही वैमानिक गडगडाटी वादळाला घाबरतात, आणि चांगलेच घाबरतात. त्यांची भीती विजेपेक्षा त्या ढगात हवा, पाणी आणि बर्फ काय धुमाकूळ घालतात याची असते.

या ढगाचं शास्त्रीय नाव क्युम्युलोनिंबस. मराठीत त्याला गर्जन्मेघ म्हणतात आणि वैमानिकांच्या बोलण्यात तो नुसता ‘सीबी’ असतो. जमिनीलगतची गरम, दमट हवा वर चढते. वर गेल्यावर ती थंड होते, तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं आणि त्या वेळी उष्णता बाहेर पडते. त्या उष्णतेने हवा आणखी हलकी होऊन आणखी वर उसळते. म्हणजे या ढगाचं इंधन त्याच्या पोटातच तयार होतं. मामुली ढगातून तासाभरात बारा-पंधरा किलोमीटर उंचीचा मनोरा उभा राहतो, विषुववृत्ताच्या पट्ट्यात तर सोळाच्याही पुढे. प्रवासी विमानं साधारण दहा ते बारा किलोमीटरवरून उडतात. तेव्हा ‘वरून जायचं की’ हा सल्ला ऐकायला सोपा असला, तरी मोठ्या ढगाच्या वरून जाणं बहुतेक विमानांना जमतच नाही.

ढगाच्या आत वर चढणारा झोत असतो. नेहमीच्या वादळात त्याचा वेग सेकंदाला दहा-वीस मीटर असतो, भयंकर वादळात पन्नासपर्यंतही जातो. त्याला लागूनच पाऊस आणि गारांनी ओढून आणलेली थंड हवा खाली कोसळत असते. विमान वर जाणाऱ्या झोतातून काही सेकंदांत खाली येणाऱ्या झोतात शिरतं. लोक याला ‘एअर पॉकेट’ म्हणतात, जणू हवेत हवाच नसलेला खड्डा आहे. असा खड्डा नसतो. हवा तिथेही भरलेलीच असते, फक्त ती स्वतःच वरखाली धावत असते.

हे आधी कुणी नीट मोजलं नव्हतं. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत १९४६ साली फ्लोरिडात आणि १९४७ साली ओहायोत ‘थंडरस्टॉर्म प्रोजेक्ट’ नावाची मोहीम झाली. युद्धातून मोकळी झालेली पी-६१ जातीची विमानं एकावर एक वेगवेगळ्या उंचीवर ठेवून एकाच वादळातून आरपार उडवली गेली. वादळ वाढतं कसं, भरात कधी येतं, विझतं कसं, हे आज शाळेच्या पुस्तकात दिसणारं तीन टप्प्यांचं चित्र त्याच उड्डाणांतून आलं. त्या वैमानिकांच्या पोटात त्या वेळी काय होत असेल, याचा विचार मी टाळतो.

हा हेलकावा किती झटकन येतो याचे अलीकडचे आकडे बघा. २१ मे २०२४ रोजी सिंगापूर एअरलाइन्सचं लंडनहून निघालेलं बोइंग ७७७ म्यानमारवरून साधारण ३७,००० फुटांवरून चाललं होतं. खाली नव्याने वर चढणारे ढग होते. सिंगापूरच्या तपास पथकाच्या प्राथमिक अहवालानुसार विमानातल्या माणसांवरचं बल नेहमीच्या वजनाच्या १.३५ पटीवरून उणे १.५ पटीवर आलं, तेही ०.६ सेकंदात. ‘उणे’ म्हणजे पट्टा न लावलेल्या माणसाला छतच जमीन होतं. साडेचार सेकंदांच्या आसपास विमान १७८ फूट खाली आलं, बळ पुन्हा उलटलं आणि छताला चिकटलेली माणसं खाली आदळली. एका प्रवाशाचा मृत्यू झाला, डझनावारी लोक जखमी झाले, विमान बँकॉकला उतरवावं लागलं. विमान मात्र शाबूत होतं. आजच्या प्रवासी विमानाचे पंख वाकतात, लवतात, पण सहसा तुटत नाहीत. आत मोडतात ती माणसांची हाडं. पट्ट्याची सूचना झाल्यावर ‘अजून तर काही हलत नाही’ म्हणून उभं राहणाऱ्यांना हे ०.६ सेकंद कुणीतरी घड्याळावर दाखवायला हवेत.

आता प्रश्न येतो, की एवढा मोठा ढग दिसत नाही का? दिवसा दिसतो. रात्री, किंवा दुसऱ्या ढगांच्या गर्दीत दडलेला असला, तर नाही दिसत. त्यासाठी विमानाच्या नाकात रडार असतं. कॉकपिटच्या पडद्यावर पाऊस हिरवा, पिवळा, लाल असा रंगतो. लाल म्हणजे तिकडे फिरकायचंही नाही. पण रडारला दिसतं ते मुख्यतः पाणी. कोरडी गार त्याला जेमतेम दिसते आणि ढगाच्या माथ्यावरचे बर्फाचे बारीक कण जवळजवळ दिसतच नाहीत. शिवाय समोर फारच जोराचा पाऊस असला तर रडारच्या लहरी त्यातच जिरून जातात आणि पलीकडे काय आहे हे कळत नाही. मग पडद्यावर तिथे काळी, मोकळी जागा दिसते. खरं तर ती पावसाची सावली असते, आणि तिच्यात आणखी वाईट काहीतरी लपलेलं असू शकतं.

४ एप्रिल १९७७ रोजी सदर्न एअरवेजचं एक डीसी-९ जॉर्जिया राज्यावरून ॲटलांटाकडे येताना अशाच तीव्र वादळात सापडलं. पाऊस आणि गारांचा मारा इतका झाला की दोन्ही इंजिनं बंद पडली आणि पुन्हा चालूच झाली नाहीत. वैमानिकांनी ते न्यू होप गावाजवळच्या रस्त्यावर उतरवण्याचा प्रयत्न केला. विमानातले ६३ आणि जमिनीवरचे ९ जण गेले. वादळाच्या प्रदेशातून वाट काढताना विमानातल्या रडारवर विसंबून राहणं, हे तपासात कारणांपैकी एक म्हणून नोंदलं गेलं.

जेट इंजिन पावसाने विझतं हे ऐकून नवल वाटतं, कारण एरवी ते मुसळधार पाऊस सहज गिळतं. पुढचा पंखा पाणी बाहेरच्या बाजूला भिरकावतो आणि ज्वालेपर्यंत फार थोडं पोहोचतं. अडचण उतरताना येते. तेव्हा इंजिन मंद ठेवलेलं असतं, आत येणारी हवा कमी आणि पाणी तेवढंच. मग ज्वाला टिकत नाही. २४ मे १९८८ रोजी टाका एअरलाइन्सचं नवंकोरं बोइंग ७३७ न्यू ऑर्लिन्सकडे उतरताना नेमकं याच तऱ्हेने दोन्ही इंजिनं गमावून बसलं. वैमानिकाने ते एका कालव्याशेजारच्या गवताळ बांधावर अलगद टेकवलं आणि कुणाच्याही जिवाला धक्का लागला नाही. त्यानंतर त्या जातीच्या इंजिनात सुधारणा झाल्या, पुढच्या नाकाडाचा आकारसुद्धा बदलला. गारांचं एक आणखी लक्षात ठेवावं. त्या ढगाखालीच पडतात असं नाही. वरचा झोत त्यांना ढगाबाहेर फेकतो आणि ढगाच्या माथ्यावर ऐरणीसारखं जे सपाट पसरलेलं छत असतं, त्याच्याखाली स्वच्छ दिसणाऱ्या हवेतही विमानाच्या काचा तडकू शकतात.

बर्फाच्या त्या न दिसणाऱ्या कणांची गोष्ट याहून दुःखद आहे. १ जून २००९ च्या रात्री एअर फ्रान्सचं एअरबस ए३३० रिओहून पॅरिसला जात होतं. अटलांटिकवर विषुववृत्ताजवळ वादळांचा पट्टा नेहमीच असतो, तो त्या रात्रीही होता. ढगांच्या वरच्या थरात बर्फाच्या कणांनी विमानाबाहेरच्या पिटो नळ्या तुंबल्या. या बोटभर नळ्यांत समोरून हवा शिरते आणि तिच्या दाबावरून विमानाचा वेग कळतो. नळ्या तुंबल्या, वेगाचे आकडे एकमेकांशी जुळेनात, आणि ऑटोपायलटने काम सोडून दिलं. नळ्यांचा हा घोळ मिनिटभरही टिकला नाही. पण अंधारात, अचानक हाती आलेल्या विमानाचं नाक वैमानिकाने वर ओढलं आणि ओढूनच धरलं. पंखांचा आधार सुटला आणि साडेचार मिनिटांच्या आत विमान समुद्रावर आदळलं. २२८ माणसं गेली. तोपर्यंत इंजिनं चालू होती, पंख जागेवर होते. वादळाने फक्त एक लहानशी वस्तू बिघडवली होती.

एवढं सगळं सांगूनही मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती जमिनीजवळच्या वादळाची. अकरा किलोमीटरवर विमान १०० फूट घसरलं तर बहुतेक वेळा कॉफी सांडण्यावर भागतं. उतरताना धावपट्टीआधी तेवढंच घसरलं तर सगळंच संपतं.

वादळातून थंड हवेचा जड लोट कधी कधी सरळ खाली कोसळतो, जमिनीवर आपटतो आणि चहूकडे पसरतो. बादलीभर पाणी फरशीवर उपडं करावं तसा. याला मायक्रोबर्स्ट म्हणतात. त्याचा पसारा चार किलोमीटरपेक्षा कमी आणि आयुष्य काही मिनिटांचं, पण उतरणाऱ्या विमानाला तो फसवून मारतो. विमान त्या पसरणाऱ्या हवेत शिरतं तेव्हा आधी वारा समोरून लागतो. पंखांवरून हवा जोरात जाते, विमान वर उचललं जातं, वेग वाढलेला दिसतो. वैमानिक साहजिकच इंजिनाचा जोर कमी करतो आणि नाक खाली घेतो. दुसऱ्याच क्षणी तो मधल्या, खाली कोसळणाऱ्या झोतात असतो. त्यातून बाहेर पडतो तर वारा पाठीमागून. पंखांवरची हवा एकदम कमी होते, वेग गळून पडतो, इंजिनं मंद, आणि खाली उंची शिल्लक नाही. इंजिनांना पुन्हा पूर्ण जोर पकडायला काही सेकंद लागतात. तेवढे सेकंदच नसतात.

हे सगळं शोधून काढणारा माणूस म्हणजे टेड फुजिता. जपानी शास्त्रज्ञ, पुढे शिकागोला गेलेला. २४ जून १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर उतरताना ईस्टर्न एअरलाइन्सचं बोइंग ७२७ पडलं आणि ११३ जण गेले. त्याआधी उतरलेल्या आणि उतरणं सोडून दिलेल्या विमानांनी वाऱ्याबद्दल सावध केलं होतं. मग हेच का पडलं? फुजिताला जुनी चित्रं आठवली. १९४५ साली त्याने हिरोशिमा आणि नागासाकीत स्फोटाची पाहणी केली होती आणि मधल्या बिंदूपासून बाहेरच्या बाजूला तारेसारखी आडवी पडलेली झाडं पाहिली होती. पुढे अमेरिकेत वादळानंतर विमानातून पाहणी करताना त्याला जंगलात तसाच आकार दिसला होता. वर कुठूनतरी काहीतरी सरळ खाली आपटलं असलं पाहिजे, हे त्याने त्यावरून ताडलं. कित्येक हवामानशास्त्रज्ञांनी आधी ते मानलं नाही. १९७८ आणि १९८२ साली वाऱ्याचा वेग मोजणारं डॉप्लर रडार घेऊन मोहिमा झाल्या तेव्हा कुठे वाद मिटला.

पण शास्त्र पटणं आणि विमानतळावर यंत्र बसणं यांत वर्षं जातात. ९ जुलै १९८२ रोजी न्यू ऑर्लिन्सहून उडालेलं पॅन ॲमचं विमान अशाच झोतात पडलं, १५३ बळी गेले. २ ऑगस्ट १९८५ रोजी डॅलस-फोर्ट वर्थला डेल्टा एअरलाइन्सचं एक एल-१०११ विमान उतरता उतरता पडलं, १३७ गेले. त्यानंतर मोठ्या विमानतळांवर खास डॉप्लर रडार आली, विमानांच्या रडारलाच समोरचा वारा मोजता येऊ लागला आणि वैमानिकांना सिम्युलेटरमध्ये या सापळ्यातून निसटण्याचा सराव देणं सक्तीचं झालं. आता समोर असा झोत दिसला तर कॉकपिटमध्ये यंत्राचा कोरडा आवाज येतो, ‘विंडशिअर अहेड’, म्हणजे पुढे वारा अचानक बदलतो आहे. त्यावर चर्चा करायची नसते. पूर्ण जोर, नाक वर, निघायचं. तरी धोका संपलेला नाही. ३१ जुलै २०१८ रोजी मेक्सिकोतल्या दुरांगोहून उड्डाण करत असलेलं एरोमेक्सिकोचं विमान वादळात पुन्हा जमिनीवर आपटलं आणि जळालं. आतले सगळे १०३ जण बाहेर पडू शकले, हे नशीब.

यंत्रांपाठोपाठ माणसाचा प्रश्न येतो, आणि मला तो यंत्रांहून अवघड वाटतो. अमेरिकेतल्या एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेने १९९० च्या दशकाच्या अखेरीला डॅलसला उतरणाऱ्या विमानांच्या वाटा आणि रडारवरची वादळं ताडून पाहिली. एरवी वादळाला लांबून वळसा घालणारे वैमानिक विमानतळाच्या जवळ आल्यावर त्यातून जाताना दिसले. पुढे दुसरं विमान नुकतंच गेलेलं असलं, आपल्याला पंधरा मिनिटांहून जास्त उशीर झालेला असला, किंवा अंधार पडलेला असला, तर ही शक्यता आणखी वाढायची. ‘पुढचा गेला ना, मग आपणही जाऊ.’ पुढचा गेला तेव्हाचं वादळ आणि तीन मिनिटांनंतरचं वादळ वेगळं असतं. १ जून १९९९ रोजी लिटल रॉकला अमेरिकन एअरलाइन्सचं विमान वादळ गाठायच्या आत उतरण्याच्या घाईत ओल्या धावपट्टीच्या पुढे निघून गेलं. पंखांवरच्या, वेग तोडणाऱ्या झडपा उघडलेल्या नव्हत्या. ११ जण गेले.

म्हणून वादळात कसं उडावं याचं शिक्षण जितकं दिलं जातं, त्याहून जास्त त्याच्यापासून लांब कसं राहावं याचं दिलं जातं. अमेरिकेच्या विमान वाहतूक यंत्रणेचा सल्ला असा की तीव्र वादळापासून निदान २० सागरी मैल, म्हणजे साधारण ३७ किलोमीटर, दूर राहा. ऐरणीच्या छताखालून जाऊ नका. शक्यतो वारा येतो त्या बाजूने वळसा घाला, म्हणजे फेकल्या गेलेल्या गारा विरुद्ध दिशेला जातील. दोन वादळांमधली फट दिसली तर ती तुम्ही पोहोचेपर्यंत मिटेल असं धरून चाला. आणि चुकून आत सापडलातच तर मागे वळू नका. वळताना पंखांवर ताण वाढतो आणि वादळातला मुक्कामही लांबतो. वेग हेलकाव्यासाठी ठरवून दिलेल्या आकड्यावर आणा, पंख समतोल ठेवा, उंची शंभर-दोनशे फूट वरखाली झाली तर होऊ द्या, सरळ बाहेर पडा.

प्रत्यक्षात हे सगळं रेडिओवर एका वाक्यात घडतं. वैमानिक नियंत्रण कक्षाला सांगतो, हवामानामुळे डावीकडे वीस अंश वळायचं आहे. नियंत्रक आजूबाजूची विमानं बघून होकार देतो, किंवा जरा थांबा म्हणतो, कारण त्याच फटीतून जायला आणखी चौघे रांगेत असतात. जमिनीवर याचाच अर्थ तासभर उशीर, आणि काउंटरवर भांडणारे प्रवासी.

वळसा घालायचा ठरलं की वैमानिक आधी केबिन क्रूला बसायला सांगतो. गाड्या आत ढकलल्या जातात, खटके लागतात, पट्ट्याचा दिवा ‘टिंग’ करून लागतो. समोरच्या सीटच्या पडद्यावर नकाशा चालू असेल तर विमानाची इतका वेळ सरळ असलेली रेघ हळूच एका बाजूला कलते. उजवीकडच्या खिडकीतून दूरवर एक ढग आतून कंदिलासारखा उजळतो आणि विझतो, पुन्हा उजळतो. एवढ्या अंतरावरून त्याचा आवाज येत नाही.